दोन मिनिटांचे मौन आणि आपण

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, अशी केंद्र शासनाची सूचना असते. स्वातंत्र्यासाठी ज्यांनी प्राण वेचले त्यांच्या स्मरणार्थ हे मौन आहे. महात्मा गांधींची हत्या १९४८ साली याच तारखेला झाली म्हणून हा दिवस. सूचना मोठ्या बारकाईने लिहिलेली असते. १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा सुरू करावा, तो अकरापर्यंत वाजवावा. ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा वाजवून मौन संपल्याचे कळवावे. शक्य असेल तेथे काम आणि रहदारी थांबवावी. काही कार्यालयांत मौन पाळले जाते, पण सर्वसामान्य जनता प्रसंगाचे गांभीर्य न जाणता आपापल्या उद्योगात मग्न असते, अशी खंतही या परिपत्रकांतून व्यक्त झालेली आहे. ही खंत रास्त आहे काय, आणि रास्त असल्यास दोष कोणाच्या पदरी घालावा, याचा विचार आम्ही गेली कित्येक वर्षे अधूनमधून करीत आलो आहोत. त्याला निमित्त झालेला प्रसंग आमच्याच चुकीचा आहे. तेव्हा प्रथम तोच सांगितलेला बरा.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात आम्ही त्या काळी एका खात्याचे प्रमुख होतो. साल १९९६. ३० जानेवारीला ठरल्या वेळी भोंगा वाजला आणि आम्ही हातातली वही टेबलावर ठेवून उभे राहिलो. आता, रासायनिक कारखान्यात भोंग्याचा अर्थ एकच असतो. वायू सुटला आहे किंवा आग लागली आहे. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी दुसरे काही शिकवले नाही तरी एवढे शिकवतात, की भोंगा ऐकला की वाऱ्याची दिशा पाहायची आणि फाटकाजवळच्या मोकळ्या जागेकडे धावायचे. आमच्या खात्यात त्या महिन्यात ठेकेदाराकडून एक ओडिया तरुण आला होता. तो शिकवल्याबरहुकूम धावत सुटला. आम्ही सर्वांसमक्ष त्याच्यावर ओरडलो, "हिलना मत! खडे रहो!" बिचारा होता तेथे खिळून उभा राहिला. दोन मिनिटे गेली, पुन्हा भोंगा झाला, माणसे कामाला लागली. मग तो जवळ आला आणि दबक्या आवाजात त्याने विचारले, "साब, कौन गुजर गया?"

त्याचे काय चुकले? भोंगा झाला होता, लोक माना खाली घालून उभे होते. कारखान्यात कोणी तरी दगावले, असा तर्क कोणीही केला असता. आम्ही म्हणालो, "शहीदों के लिए था." त्यावर तो म्हणाला, "कौन से शहीद, साब?" या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच नाव हवे होते. आम्ही गांधीजींचे नाव घेतले, आणखी एकदोन नावे शाळेत पाठ केलेली होती तीही घेतली, आणि कामाचे निमित्त काढून सटकलो. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले की सालवड गाव फार लांब नाही. त्या सालवडचा एक माणूस देशासाठी गोळी खाऊन मेला आहे, हे त्या दिवशी आम्हांला माहीत नव्हते. बोईसरला येऊन आम्हांला तोवर अकरा वर्षे झाली होती.

माणूस वयाने वाढला की त्याला आपल्या अज्ञानाची लाज कमी वाटू लागते, असे म्हणतात. आम्हांला या एका बाबतीत ती अजून वाटते.

सालवडच्या त्या माणसाचे नाव सुकुर मोरे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, आणि आठवड्याच्या आत, १४ ऑगस्टला, आजूबाजूच्या गावांतून निघालेले लोक पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी चालून गेले. पोलिसांनी गोळीबार केला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, पालघरचे रामप्रसाद तिवारी आणि सालवडचे सुकुर मोरे असे पाच जण त्यात गेले. पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांचा स्तंभ आहे. दरवर्षी १४ ऑगस्टला तेथे लोक जमतात, पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि बाजारपेठेतली दुकाने बंद ठेवण्याची रीत आहे. एरवी रिक्षावाल्याला 'पाचबत्ती' म्हटले की तो बरोबर त्या चौकात आणून सोडतो. पाच नावे मात्र उतारूला सांगता येतील याची खात्री नाही, रिक्षावाल्यालाही नाही. आम्हांला ती ठाऊक झाली तीसुद्धा त्या ओडिया पोराने विचारल्यानंतर, पहिल्या सवडीला पालघरला जाऊन चौकशी केली तेव्हा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा सार्वजनिक स्मरणात प्रत्येकाने सहभागी व्हावे, अशी अपेक्षा करावी काय? प्रश्न साधा दिसतो, पण 'अपेक्षा' हा शब्द फसवा आहे. शेजाऱ्याने अपेक्षा केली तर ती विनंती असते. ज्याच्या सहीने पगार निघतो त्याने केली तर तिला हुकमाचा वास येतो. आणि गर्दीने केली तर ती कधी दंडेलीवर जाईल याचा नेम नाही. २०१६ सालच्या ऑक्टोबरात पणजीच्या एका चित्रपटगृहात राष्ट्रगीताच्या वेळी उभे न राहिलेल्या एका गृहस्थांना मागून फटका मारण्यात आला. ते चाकाच्या खुर्चीवर बसणारे होते. मणक्याच्या दुखापतीमुळे त्यांना उभे राहताच येत नव्हते. वडील हवाईदलातून निवृत्त झालेले. मारणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही त्याला वाटली नाही. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा मनात प्रथम संताप आला, आणि त्यामागोमाग आमचे स्वतःचे "हिलना मत" आठवले. हात उगारला नव्हता एवढाच काय तो फरक.

याबाबत कायद्याने काय म्हटले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढले, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ती मुले होती आणि गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला, की त्यांना काढणे घटनेला धरून नाही. जो उभा राहतो आणि कोणाला अडथळा करीत नाही, त्याच्याकडून गाणे वसूल करता येत नाही. पुढे २०१६च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणे आणि सर्वांनी उभे राहणे बंधनकारक करणारा अंतरिम आदेश काढला, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी त्यात बदल करून ते वाजवणे ऐच्छिक केले. म्हणजे एवढ्या मोठ्या न्यायासनालाही या प्रश्नावर एकदा एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला जावे लागले. १९७१चा राष्ट्रप्रतिष्ठेचा कायदा राष्ट्रगीत म्हणण्यास मुद्दाम प्रतिबंध करणाऱ्याला किंवा गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो. ज्याचे ओठ मिटलेले आहेत त्याच्याबद्दल तो काही बोलत नाही. स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श मनात बाळगावेत हे घटनेने १९७६ साली मूलभूत कर्तव्यांत घातले, पण मनात काय बाळगले आहे हे तपासणारा शिपाई नेमला नाही. हे शहाणपणाचे झाले.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या रस्त्यावरची एक जुनी रीत या बाबतीत पुष्कळ सांगून जाते. अंत्ययात्रा समोरून आली की माणूस थांबतो. सायकलवरून उतरतो, टोपी काढतो, कोणी हात जोडतो. आमच्यातला कोणी असला तर क्रुसाची खूण करतो. तिरडी असो वा शवपेटी, जाणारा कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, सज्जन की दुर्जन, हे कोणी विचारत नाही. हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता, तरी सर्वांना येतो. एखादा घाईत असला आणि न थांबता गेला, तर त्याच्या मागे धावून कोणी त्याची कॉलर धरीत नाही. मात्र मागून कोणी कर्कश हॉर्न वाजवीत तिरडीच्या माणसांना बाजूला सारू लागला, तर सगळा रस्ता त्याच्या अंगावर जाईल, आणि तसे जाणे योग्यच ठरेल. आम्हांला वाटते, सार्वजनिक स्मरणाची मर्यादाही या रस्त्यावर आखलेली आहे. दुसऱ्याच्या शोकात व्यत्यय आणू नये, ही अपेक्षा कोणाकडूनही करता येते. परक्याकडून, विरोधकाकडून, मौनावर विश्वास नसलेल्याकडूनसुद्धा. थांबावे, ही विनंती करता येते. त्याच्या पुढचे, म्हणजे आत काय हलावे, ते मागण्याचा अधिकार ना सरकारला आहे ना खातेप्रमुखाला.

पण ही अंत्ययात्रेची उपमा एका ठिकाणी अडते. मृताच्या मागून चालणे वेगळे आणि विजयाच्या मिरवणुकीत नाचणे वेगळे. युद्धाच्या स्मरणात ही दोन्ही एकमेकांत अशी मिसळलेली असतात की कशासाठी बोलावले आहे तेच कळत नाही. आणि येथे आमच्या वाचकांच्या मनात जो विषय आला असेल तो आम्ही टाळू इच्छीत नाही.

बोईसरहून समुद्राकडे गेले की तारापूरचा किल्ला लागतो. १७३९ सालच्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून लढून घेतला. त्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर हा नामांकित सरदार पडला. आतले लोकही पुष्कळ मेले. पेशव्यांनी बाजी भीवरावाच्या आईला पाठवलेले सांत्वनाचे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. किल्ला मिळाल्याच्या आनंदातही कोणाला तरी बसून ते पत्र लिहावे लागले. त्यानंतर फौजा वसईवर गेल्या आणि मे महिन्यात वसई पडली. तेथील चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात जी मोठी घंटा आहे तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरही तशीच एक घंटा टांगलेली आहे. हल्लीच्या काळात वसईला मे महिन्यात विजयोत्सव साजरा होतो.

त्या उत्सवात आम्ही ख्रिस्ती लोकांनी जावे काय? घरोघरी हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो आणि आमच्यात त्यावर एकमत नाही. काही जण म्हणतात, परकी सत्ता गेली, आनंद का मानू नये? आमचे पूर्वज याच मातीतले, पोर्तुगीज आमचे कोणी आजे-पणजे नव्हेत. हे खरे आहे. पोर्तुगीज अमलात हिंदू रयतेचा धर्मासाठी छळ झाला, देवळे पाडली गेली आणि त्या छळाने ही मोहीम ओढवून घेतली, हेही खरे आहे, आणि आम्ही ते झाकून बोलणार नाही. तहाच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक दिली गेली, हे जेत्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. दुसरे काही जण म्हणतात, ज्या घंटेने आमच्या खापरपणज्याला मिस्सेला बोलावले ती दुसऱ्या गावी वाजते आहे. तिच्या नावाने टाळ्या कशा पिटाव्या? हेही खोटे नाही. आमचे स्वतःचे मत असे, की बाजी भीवरावासाठी दोन मिनिटे उभे राहायला आम्हांला कोणी सांगावे लागू नये. एक माणूस आपल्या समजुतीने योग्य त्या कामासाठी लढला आणि आईला मागे ठेवून मेला, त्याच्या पुढे मान झुकते. पण विजयाच्या घोषणेत ज्याचा आवाज निघत नाही त्याच्या निष्ठेचे माप त्या आवाजावरून घेऊ नये. तसेच उलट बाजूने, आमच्यातला जो आनंदाने मशालीमागे जातो त्याला आम्ही घरभेद्या ठरवू नये. हे दुसरे वाक्य लिहिताना आम्हांला अधिक जड गेले, हे कबूल करतो. कारण तसे बोलणाऱ्यांत एके काळी आम्ही होतो.

हीच गाठ इतरत्रही सुटत नाही. उत्तर आयर्लंडमधील डेरी गावचा जेम्स मॅक्लीन हा फुटबॉलपटू २०१२ सालापासून इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात छातीवर लाल पॉपीचे फूल लावायला नकार देत आला. १९७२च्या ३० जानेवारीला (योगायोगाने तीच तारीख) त्याच्या गावात ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडून १३ जणांना ठार केले होते. त्याने २०१४ साली आपल्या क्लबच्या प्रमुखांना पत्र लिहून खुलासा केला, की ते फूल केवळ दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असते तर आपण ते लावले असते. पण त्यात नंतरच्या सर्व लढायांतले सैनिक येतात, म्हणून लावता येत नाही. त्याला मैदानावर वर्षानुवर्षे हुर्यो मिळाली. त्याचे पत्र जे नीट वाचतील त्यांना दिसेल, की हा मनुष्य स्मरणाला नकार देत नव्हता. कोणाचे स्मरण, तेवढे तो विचारत होता. आमच्या ओडिया तरुणाचाही प्रश्न तोच होता.

आणि हा प्रश्न केवळ परक्यांना पडतो असे नाही. १९३९ साली व्हाइसरॉयांनी भारतीय पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. १९४२चा उठाव ज्या असंतोषातून पेटला त्यात तीही ठिणगी होती, आणि त्या उठावात पालघरचे पाच जण गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १० जुलै १९४४ रोजी, कोकणातल्याच माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे इटलीच्या भूमीवर लढता लढता मेले. वय अवघे २२, मराठा पलटणीतले नायक. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक जण राजाच्या कचेरीवर निशाण लावायला गेला म्हणून मेला, दुसरा राजाच्या फौजेत मेला. दोघेही कोकणचे, दोघेही तरुण. घाडग्यांसाठी उभे राहायचे म्हणजे साम्राज्याला मान देणे, असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याला समजून घेऊ; पण आम्ही उभे राहू. मेलेल्या मुलाकडे त्याच्या सरकारचा हिशेब मागू नये.

पालघरच्या पाच जणांच्या बाबतीत तर सक्तीची कल्पना जवळजवळ हास्यास्पद ठरते. त्या दिवशी सरकारची प्रजेकडून अपेक्षा काय होती? घरी बसा, कचेरीपुढे येऊ नका, युनियन जॅकचा मान राखा. त्यांनी ती अपेक्षा पाळली नाही म्हणून त्यांना गोळ्या घातल्या. ज्यांची सारी थोरवी हुकूम न मानण्यात आहे त्यांच्यापुढे हुकमाने माना झुकवून घेणे, यात काही तरी उलटे होते, असे आम्हांला राहून राहून वाटते. १४ ऑगस्टला दुकान बंद ठेवणारा पालघरचा व्यापारी मनापासून ते ठेवतो की चार लोक काय म्हणतील म्हणून, हे आम्ही सांगू शकत नाही. पुष्कळदा दोन्ही कारणे एकाच माणसात असतात, आणि सवयीने केलेले कर्मही कधी कधी आतपर्यंत झिरपते. तेव्हा बंद दुकानांची टिंगल आम्ही करणार नाही. उघड्या राहिलेल्या एखाद्या दुकानावर दगड पडू नये, एवढेच म्हणणे आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, तुम्ही सगळे ऐच्छिक करून टाकले की उद्या कोणीच उभे राहणार नाही. माणूस आळशी आहे. त्याला ढकलल्याशिवाय तो कृतज्ञही होत नाही. आज उभे राहण्याची सवय मोडली की वीस वर्षांनी स्तंभाला पोस्टर चिकटवतील. या आक्षेपात अनुभव आहे. पण त्याला उत्तर म्हणून आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. ख्रिस्तसभेने रविवारची मिस्सा बंधनकारक केली आहे. २ नोव्हेंबरचा, सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस तिने बंधनकारक सणांत घातलेला नाही. न येणाऱ्याला पाप लागत नाही, कोणी हजेरी घेत नाही. आणि तरीही त्या संध्याकाळी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. एरवी चर्चच्या पायरीलाही न शिवणारे मुंबईहून गाडी पकडून येतात, आईच्या क्रुसावरची धूळ हाताने पुसतात, मेणबत्ती विझली की शेजारच्या कबरीवरच्या ज्योतीवरून पुन्हा पेटवून घेतात. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. मृतांची संख्याच तेवढी वाढली होती. त्यांतली एक मिस्सा सर्व मृत श्रद्धावंतांसाठी होती. जर्मन की फ्रेंच, हा भेद तिच्यात नव्हता. परवानगी दिली, हे लक्षात घ्यावे. लोकांवर बंधन घातले नाही. ती वहिवाट आजही चालू आहे.

आक्षेप घेणारा यावर म्हणेल, आई आपली असते; सुकुर मोरे ओडिशाच्या पोराचा कोण? हा प्रश्न नेमका आहे, आणि आमची सारी चूक त्यात उघडी पडते. आई आपली असते कारण तिचे नाव, तिची खोकल्याची उबळ, तिच्या हातची कालवणाची चव आपल्याला ठाऊक असते. परक्याचा मृत आपला व्हायचा तर कोणी तरी त्याच्याविषयी सांगावे लागते. कोणत्या गावचा, का निघाला, कोठे पडला. सांगणाऱ्याने सांगण्याचे काम केले नाही आणि ऐकणाऱ्याकडून उभे राहण्याचे काम मात्र करवून घेतले, तर ती वसुलीच झाली. परिपत्रकातली खंत वाचताना आम्हांला आता असे वाटते, की जनता गांभीर्य जाणत नाही हे खरे असेल, पण भोंगा वाजवणाऱ्यांनी गेल्या कित्येक वर्षांत तिला त्या गांभीर्याविषयी काय सांगितले, तेही त्याच कागदावर यायला हवे होते. बोईसरसारख्या गावात तर हे अधिकच आले. येथे बिहारची, उत्तर प्रदेशाची, ओडिशाची, बंगालची माणसे भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. त्यांच्या मुलांना सालवड म्हणजे रिक्षाचा एक थांबा वाटतो. त्यांच्याकडून स्मरणाची अपेक्षा जरूर धरावी. आधी त्यांना नाव सांगावे.

पुढच्या वर्षी आम्ही एक छोटासा प्रयत्न केला. २९ जानेवारीला पाळी बदलताना फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत खात्याच्या लोकांना थांबवले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत दहा मिनिटे पाच जणांची हकीकत सांगितली. उद्या भोंगा वाजेल, तो आगीचा नाही, हेही सांगितले. ज्याला उभे राहावेसे वाटेल त्याने उभे राहावे, ज्याच्या हाती चालू काम असेल त्याने ते सोडू नये, आणि कोणी कोणाकडे पाहू नये. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण उभे राहिले. दोघे कँटीनच्या ओट्यावर बसून होते. कोणाकडे पाहू नये असे सांगणारे आम्हीच त्यांच्याकडे पाहत होतो आणि आम्हांला त्यांचा रागही आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याने प्रश्न विचारला होता तो ओडिया तरुण मात्र त्यांत नव्हता. ठेकेदाराने त्याला मधल्या काळात दुसरीकडे कोठे तरी पाठवले होते. कोठे, ते ठेकेदाराच्या मुकादमालाही आठवेना.

त्या २९ तारखेला माणसे पांगत असताना एक जुना फिटर मागे थांबला. म्हणाला, "साहेब, सगळ्यांची नावं घेतलीत. दोन वर्षांमागं आपल्या रिअ‍ॅक्टरवर भाजून गेला, त्याचं नाही घेतलंत." आम्ही घेतले नव्हते. तो लढाईत मेला नव्हता, असे म्हणण्याचे आमच्या ओठांवर आले होते, पण बोललो नाही. संध्याकाळी कार्यालयात जाऊन कारकुनाकडून जुना हजेरीपट काढून घेतला आणि त्याचे पूर्ण नाव शोधले. त्यात त्याचे आडनाव चुकीचे लिहिलेले होते. फिटरने ते सांगून दुरुस्त करून घेतले.